कय्यूमचाचांचे पाच सवाल

आमच्या शेजारचे कय्यूमचाचा कुणाच्याही घरात तसेच शिरत नसत. दार सताड उघडं असो, आई समोरच भाकरी थापत बसलेली असो, चाचांच्या हातात ईदच्या शीरखुर्म्याचं पातेलं असो, ते उंबऱ्याबाहेर थांबत, दोन बोटांनी चौकटीवर टकटक करत आणि म्हणत, "मे आय कम इन, सर?" आतून "येस" आल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. आईला "येस" म्हणायची लाज वाटे. ती म्हणे, "या ना भाऊ." चाचा तिथेच उभे. शेवटी मी आतल्या खोलीतून "येस" म्हणे, तेव्हा शीरखुर्मा घरात येई. तोवर त्यावर साय धरलेली असे.

जातानाही तीच तऱ्हा. पहिली तीन पावलं ते उलटी चालत. "साहेबाले पाठ दाखवू नये," हे त्यांचं म्हणणं. आमच्या घरात साहेब कुणीच नव्हता. बाबा भातकुलीच्या शाळेत मास्तर होते आणि रोज सायकल हाणत जाऊन-येऊन त्यांचा पार भुगा झालेला असे. त्याच सायकलीवर चाचा उलटे चालता चालता दोनदा आदळले, पण रीत सोडली नाही.

चाचांनी अमरावतीतल्या एका मोठ्या सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं ते मुलाखतीच्या खोलीबाहेर, दाराशी उभे होते. यादी हातात घ्यायची, नाव पुकारायचं, दार उघडायचं, दार लावायचं. आत काय चाललंय ते दारातून ऐकू येई. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याजवळ एक विद्या आहे. मग गल्लीचं स्वास्थ्य गेलं.

दिवसही तसेच होते. कापसानं सलग दगा दिलेली ती वर्षं. सकाळचा पेपर बाबा आधी स्वतः वाचत आणि शेतकऱ्यांच्या बातम्यांचं पहिलं पान घडीच्या आत करून आम्हाला देत. आमच्या गल्लीत खेड्यांवरून आलेली, खोली करून राहणारी कितीतरी पोरं होती. सगळ्यांना घरून निरोप एकच, काहीही कर पण वावरात परत येऊ नको. त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं की पोरगा ते पत्र घेऊन थेट चाचांच्या ओट्यावर जाई.

मला जावं लागलं, कारण बाबांनी पाठवलं. मी कृषी पदवीधर होते, घरात बसून अर्ज करत होते. बाबा म्हणाले, "अनुभवी माणूस आहे. शिकवतात तर शीक."

रोज संध्याकाळी सहाला ओट्यावर तीन खुर्च्या मांडल्या जात. मधल्या खुर्चीवर चाचा. उजवीकडे चाची, मांडीवर गव्हाचं सूप घेऊन. डावी खुर्ची रिकामी. ती 'तज्ज्ञ साहेबां'ची. एकतीस वर्षांत तज्ज्ञ साहेब कधी वेळेवर आला नाही, असं चाचांचं निरीक्षण होतं, म्हणून ती खुर्ची रिकामीच ठेवायची, पण उमेदवारानं तिलाही नमस्कार करायचा. मी पहिल्या दिवशी केला नाही, तर चाचांनी मला परत फाटकापर्यंत पाठवलं. गल्लीतली अर्धी बायकामंडळी भाजी निवडत हे बघत होती. पदवी घेतलेल्या मुलीनं रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीला हात जोडले, तेव्हा त्यांचं निवडणंही थांबलं.

चाचांच्या मते जगात सवाल पाचच. बाकी सगळे त्यांचे भाऊबंद.

पहिला, स्वतःबद्दल सांगा. "तीन वाक्यात संपवजो," चाचा सांगत. "चौथ्या वाक्याले साहेब चहाकडे पाहते. मी दाराच्या फटीतून पाह्यलं आहे."

दुसरा, तुमची कमजोरी काय. यावर माझं प्रामाणिक उत्तर होतं की मला साडेपाच वाजले की भूक लागते आणि मग काही सुचत नाही. चाचांनी मान हलवली. "भूक सांगू नको, बेटा. भूक सगळ्याइची कमजोरी होय, त्यात तुह्यं काय? तू म्हणजो, काम अर्धं टाकून मले घरी जाणं जमत नाही."

"पण मला जमते, चाचा."

"मले माहीत आहे. तू म्हणजो."

तिसरा, आमच्याकडेच का यायचं आहे. चौथा, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता. यावर त्यांचा सल्ला असा की साहेबाच्या खुर्चीकडे पाहू नये, साहेबाच्या बाजूच्या खुर्चीकडे पाहावं. आणि पाचवा, तुम्हाला काही विचारायचं आहे का. "काहीच न विचारणारा पडते. लय विचारणारा बी पडते. तू एकच विचारजो, साहेब, कामावर कवा येऊ?"

याशिवाय पाण्याचा नियम. आत जाण्याआधी अर्धा गिलासच प्यायचं. पूर्ण गिलास पिणारा उमेदवार मधात उठतो.

हे सगळं झालं की चाचा समोरच्या कोऱ्या कागदावर काहीतरी रेघोट्या ओढत आणि म्हणत, "ठीक आहे. कळवण्यात येईन." हे त्यांचं आवडतं वाक्य. आईनं जेवायला बोलावलं तरी "कळवण्यात येईन". दूधवाल्यानं उद्या दूध किती म्हणून विचारलं तरी तेच. तो बिचारा सायकलला पाय लावून, आता लेखी येणार की तोंडी, या विचारात उभा राही.

चाचीही यातून सुटलेली नव्हती. एकदा तिनं चहा आणून दिला तर चाचांनी विचारलं, "तुमाले आमच्याकडेच काहून यावं वाटलं?" चाची सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मले कोनं विचारलं होतं?" आणि आत निघून गेली. चाचा मला म्हणाले, "जवाब खरा आहे. पण असा देऊ नको."

इथपर्यंत मी सहन केलं. पण त्याच सुमारास मला बघायला अकोल्याहून पाहुणे आले आणि बाबांनी शेजारी म्हणून चाचांना बोलावलं. मुलगा नोकरीवाला, नीटनेटका, हळू बोलणारा. पोहे खाऊन झाले, त्याच्या मामांनी मला दोनचार प्रश्न विचारले. मग चाचा पुढे सरकले आणि मुलाला म्हणाले, "तुमची कमजोरी काय?"

मुलगा हसला. चाचा हसले नाहीत. ते थांबले. एकतीस वर्षं दाराशी थांबलेला माणूस कितीही थांबू शकतो. शेवटी तो मुलगा म्हणाला, "मले राग लवकर येते. राग आला का मी भांडे फेकतो."

त्याची आई त्याच्याकडे बघायला लागली. आमची आई पोह्यांच्या बश्यांकडे बघायला लागली. पाहुणे तासाभरात उठले आणि ती बोलणी तिथेच मोडली. आईनं दोन महिने चाचांना "या ना भाऊ" म्हटलं नाही, की मला "येस" म्हणू दिलं नाही. मला त्या स्थळाचं फार दुःख झालं असं नाही, पण माणसाला आपलं दुःख की सुख हे ठरवायची तरी सवड मिळावी.

मग अकोल्याच्या एका बियाणं कंपनीचं पत्र आलं. कंपनीला तालुक्यांतून फिरणारा एक माणूस हवा होता. जागा एक. पत्र वाचून बाबा दिवसभर गप्प होते, आनंद झाला की ते गप्प होत. त्यांनी स्वतः माझ्यासोबत यायचं ठरवलं होतं, पण नेमकी त्या दिवशी शाळेची तपासणी निघाली. ते चाचांना माझ्यासोबत जायला सांगून आले. मी म्हणाले, मी एकटी जाईन, कॉलेजला चार वर्षं अकोल्यातच तर होते. कुणी ऐकलं नाही.

चाचा पहाटेच पांढरे कडक इस्त्रीचे कपडे घालून दारात हजर. बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी माझे पाचही सवाल तीनदा घेतले. पुढच्या सीटवरचा एक माणूस वळून म्हणाला, "पोरीचं पाठ आहे हो काका, आता सोडा तिले." मी त्या अनोळखी माणसाची आजही ऋणी आहे.

कंपनीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. व्हरांड्यात तीसेक उमेदवार भिंतीला पाठ लावून उभे. टेबलाशी बसलेल्या बाईंना जबर सर्दी झालेली, त्या नाव घेत ते कुणाला ऐकूच जाईना. मी टोकाच्या बाकावर जागा धरली आणि वही डोळ्यांपुढे उघडली. चाचा त्या बाईंपाशी गेले, काहीतरी बोलले, आणि थोड्या वेळानं मला त्यांचा तो ठणठणीत आवाज ऐकू आला. नावं चाचा पुकारत होते. बाई नाकाला रुमाल लावून निवांत बसल्या होत्या. चाचा व्हरांड्यात फिरत होते, कुणाशी बोलत होते, कुणाला माठातलं पाणी देत होते. मी म्हटलं, चला, म्हाताऱ्याचा जीव रमला, मला तरी शांतता. आणि वहीत डोकं घातलं.

माझं नाव त्यांनी असं पुकारलं की जणू कधी भेटलेच नव्हते.

आत तिघं होते. दोन साहेब, एक बाई. स्वतःबद्दल सांगा, झालं, तीन वाक्यं. मग मधले साहेब म्हणाले, "तुमची एखादी कमजोरी?"

"काम अर्धं टाकून घरी जाणं मला जमत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवला. आतल्या बाईंनी हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. साहेब म्हणाले, "सकाळपासून तुम्ही सहाव्या."

मला आधी कळलंच नाही. मग बाहेरचा माठ, चाचांचं फिरणं, कुणाच्या तरी खांद्यावरचा त्यांचा हात, सगळं एकदम कळलं. कान तापले. दुसरे साहेब म्हणाले, "आणि पाच वर्षांनी आमच्या बाजूच्या खुर्चीवर का?" मी मान खाली घातली.

मधले साहेब चांगले होते. त्यांनी वही मिटली आणि साध्या आवाजात विचारलं, "हे बघा, ते सगळं राहू द्या. तुम्ही गावात गेलात. एक शेतकरी म्हणाला, तुमचं बियाणं पेरलं, पण उगवलंच नाही. त्याला काय सांगाल?"

हा सवाल पाचांत नव्हता. खरं तर याचं उत्तर मला येत होतं. चार वर्षं मी तेच शिकले होते. शिवाय मी त्याच भागातली, तसल्या शेतकऱ्यांच्या मुलींशेजारी होस्टेलात राहिलेली. पण डोक्यात तेव्हा राग आणि लाज यांच्याशिवाय काही नव्हतं, आणि महिनाभर रोज संध्याकाळी कानावर पडलेलं वाक्य जिभेवर तयार होतं.

मी म्हणाले, "त्यांना सांगेन, कळवण्यात येईल."

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी रुमाल खाली घेतला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बरं. या तुम्ही. आणि सरळ चालत जा, दाराशी पायरी आहे. सकाळपासून दोघं पडले."

बाहेर चाचा एका सावळ्या, उंच मुलाची कॉलर नीट करत होते. त्याला सांगत होते, "भूक सांगू नको, बेटा. अन् पाणी अर्धाच गिलास."

बस सुटल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही सगळ्याइले सांगितलं?"

"सगळ्याइले नाही. ज्यानं विचारलं त्याले."

"किती जणांनी विचारलं?"

चाचांनी खिडकीबाहेर बघितलं. "सगळ्याइनंच विचारलं."

"जागा एक होती, चाचा. ते माझ्याविरुद्ध आले होते."

"हो," चाचा म्हणाले. "पण भेले होते ना लेकरं."

मी उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मूर्तिजापूरला त्यांनी खालून माझ्यासाठी केळी घेतली, ती मी घेतली नाही. अमरावती येईपर्यंत ती केळी त्यांच्या मांडीवर होती.

घरी मी बाबांना फक्त एवढं सांगितलं की नीट झालं नाही. त्यानंतर चाचांच्या ओट्याकडे फिरकले नाही. ते दारावर टकटक करत, तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन कपडे वाळत घाली, वाळलेले असले तरी. बारा-तेरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, खेद वाटतो वगैरे. नोकरी मला पुढे लागली, दुसरीकडे, चांगली लागली. पण त्या दिवशी ते पत्र हातात घेऊन मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण बाबा आता पुन्हा काही दिवस गप्प होणार होते, आणि हे गप्प होणं वेगळं.

त्याच आठवड्यात एका दुपारी चाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले. टकटक नाही, काही नाही. हातात पेढ्यांचा पुडा. घरी मी एकटीच होते, बाहेर यावंच लागलं.

"तो पोट्टा आला होता," चाचा म्हणाले. "उंच, सावळा. दर्यापूरकडचा. त्याले लागली नौकरी. पत्ता शोधत आला, पेढे देऊन गेला. मले समजून नाही राहिलं याचं काय करू."

मी विचारलं, "तुमची उत्तरं दिली त्यानं?"

"नाही. म्हणे, चाचा, अंदर गेलो अन् सगळं विसरलो. पाणी तेवढं अर्धा गिलास पेलो."

"आणि बियाणं नाही उगवलं, हा सवाल?"

"तो म्हणे, मी म्हटलं, चला वावरात, मले दाखवा." चाचांनी पुडा ओट्यावर ठेवला. "बस. एवढंच म्हणे."

ते उत्तर बरोबर होतं. ती जागा त्याचीच होती, हे मला तेव्हाच पटलं, आणि पटलं म्हणून आणखी चीड आली. मी म्हणाले, "चाचा, तुम्ही माझ्यासाठी आले होते. मग त्याइले काहून सांगितलं?"

चाचा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "माह्या नौकरीचं नववं साल असन. डोंगरातल्या सेमाडोहकडचा एक पोट्टा आला होता इंटरव्ह्यूले. कागदाची पिशवी छातीले धरून. अंगात सदरा कोण्या मोठ्या माणसाचा. सकाळपासून उभा होता. मले म्हणे, काका, अंदर काय विचारतात?"

"मग?"

"मी म्हटलं, मले काय माहीत. पुढं सरक."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले सगळं माहीत होतं, बेटा. काय विचारतात ते बी, अन् विचारून काही होत नाही ते बी. नावं आदल्या दिवशीच ठरली होती. त्या नावाइचं पाकीट मीच साहेबाच्या बंगल्यावरून आणलं होतं, अन् मले वाचता येते. त्याचं नाव त्यात नव्हतं. तरी मी पुकारलं. तो गेला. दोन मिनटात बाहेर आला, तं हासून राहिला होता. म्हणे, काका, साहेब लय चांगले आहेत, गावाकडचा पाऊस विचारला मले. अन् माह्या पाया पडला."

आतून नळाचं पाणी बादलीत पडण्याचा आवाज येत होता. मी जाऊन नळ बंद करून आले. चाचा तसेच बसलेले.

"चाचीले माहीत आहे?" मी विचारलं.

"तुलेच सांगून राहिलो पयल्यांदा."

"नववं साल म्हणता. त्यानंतर बावीस वर्षं तुम्ही त्याच दाराशी होते. तेव्हा काहून नाही सांगितलं कोणाले काही?"

चाचा म्हणाले, "नौकरी होती, बेटा." आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

इतके दिवस मी या माणसावर रुसले होते, आणि तो मात्र केळी धरून बसला होता. मी पुडा सोडला. एक पेढा त्यांना दिला, एक मी घेतला. पेढा जरा जुना होता, पण खाल्ला.

मग मी आत गेले आणि फळीवरचं मुलाखतीचं दुसरं पत्र घेऊन आले. यवतमाळचं होतं, पुढच्या मंगळवारचं. बाबांना सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी पत्र चाचांपुढे धरलं आणि म्हणाले, "येता का?"

त्यांनी पत्र लांब धरून वाचलं. वर-खाली दोनदा वाचलं. मग विचारलं, "तठी किती पोट्टे येतीन?"

"असतील चाळीसेक."

चाचांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "मंग नऊच्या गाडीनं नाही भागणार," ते म्हणाले. "सहाच्या गाडीनं निघू. चाळीस लोकाइले सांगाचं म्हंजे टाइम लागते."